सीबी रेडिओची अलाइनमेंट घरच्या टेबलावर: आधी मोजा, मग स्क्रू फिरवा, आणि पैसे आकड्याचे घ्या



रिपेअरिंगच्या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी आजचा धडा आहे. व्हिडिओमध्ये जे टेबलावर करून दाखवलं, तेच इथे क्रमाने लिहून देतोय, कारण आकडे व्हिडिओ थांबवून थांबवून लिहून घ्यायला त्रास होतो. विषय आहे सीबी, म्हणजे सिटिझन बँड रेडिओ सेट, आणि त्याची ट्रान्समिट आणि रिसीव्ह फ्रिक्वेन्सी जुळवणं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. चिमूर, नेरी, भिसी, शंकरपूर या पट्ट्यात सीबी सेट ढिगाने नाहीत. फक्त या कामावर दुकान चालणार नाही. मग शिकायचं कशाला? दोन कारणं. तुमचं आधीच मोबाईल, इन्व्हर्टर किंवा साउंड सिस्टीमचं रिपेअरिंग असेल, तर हे त्याला जोडलेलं काम होऊ शकतं. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं: या कामात ग्राहकाला डोळ्यांनी काहीच दिसत नाही. तुम्ही आत काय केलं हे त्याला कळत नाही. अशा कामाचे पैसे इमानाने कसे घ्यायचे, हे इथे नीट शिकता येतं.

आधी कायदा, मग पेचकस

‘भाऊ, वॉकी-टॉकी आहे, आवाज नीट येत नाही, बघून द्या.’ असं म्हणून कोणी सेट काउंटरवर ठेवला की झाकण उघडायच्या आधी तो कुठल्या बँडचा आहे ते बघा. मागच्या लेबलवर फ्रिक्वेन्सी असते. तीन प्रकार समोर येतील.

पहिला, सीबी सेट. २००५ मध्ये केंद्र सरकारने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्याला परवान्यातून सूट दिली. पॉवरची मर्यादा ५ वॅट. सूट कशी आहे तेही समजून घ्या: तुमच्या सेटमुळे दुसऱ्या कोणाला त्रास व्हायला नको, आणि दुसऱ्याचा त्रास तुम्हाला झाला तर तक्रारीचा हक्क नाही.

दुसरा, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे छोटे कमी पॉवरचे हँडसेट. यांना २०१८ च्या नियमांनी सूट मिळाली. याची अलाइनमेंट आजच्या पद्धतीने होत नाही, तो वेगळा विषय.

तिसरा, बाकी सगळे व्हीएचएफ-यूएचएफ हँडसेट, जे ऑनलाइन स्वस्तात मिळायचे आणि ज्यांच्यात वाटेल ती फ्रिक्वेन्सी भरता येते. हे वापरायला परवाना लागतो. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच गोंधळामुळे. परवाना लागतो की नाही हे न सांगताच सेट विकले जात होते.

आपले दोन्ही जिल्हे जंगलाचे. एकीकडे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, दुसरीकडे गडचिरोलीचा सुरक्षेचा विषय. वनखातं आणि पोलीस स्वतःच्या वायरलेसवर चालतात. इथे विनापरवाना सेट सापडला तर चौकशी होणार, आणि ‘कोणी दुरुस्त करून दिला’ हा प्रश्न तुमच्या दुकानापर्यंत येणार. म्हणून तिसऱ्या प्रकारचा सेट असेल तर परवाना दाखवा म्हणायचं, नसेल तर हात जोडून परत द्यायचा. एका कामाचे पैसे गेले तरी चालतील.

चॅनेलचा नंबर बघून फसू नका

बाहेरून आलेल्या बहुतेक सीबी सेटवर ४० चॅनेल असतात. ही अमेरिकेची पद्धत. तिथे आधी २३ चॅनेल होते, १९७७ पासून ४० झाले. चॅनेल १ म्हणजे २६.९६५ मेगाहर्ट्झ, चॅनेल १४ म्हणजे २७.१२५, चॅनेल १९ म्हणजे २७.१८५, चॅनेल २७ म्हणजे २७.२७५, आणि चॅनेल ४० म्हणजे २७.४०५.

आता आपला पट्टा परत बघा: २७.२८३ ला संपतो. चॅनेल २८ आहे २७.२८५ वर, म्हणजे बाहेर. ४० चॅनेलच्या सेटवर आपल्याकडे १ ते २७ एवढेच चॅनेल पट्ट्यात बसतात. ग्राहकाला हे सांगा आणि तुमच्या कार्डावर लिहून द्या.

अजून एक. इंग्लंडमध्ये १९८१ मध्ये सीबीला परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी वेगळाच पट्टा घेतला. त्यांच्या त्या सेटचा चॅनेल १ असतो २७.६०१२५ मेगाहर्ट्झवर. सेटवर ‘१’ दोन्हीकडे लिहिलंय, पण दोघं एकमेकांशी बोलणार नाहीत, आणि इंग्लंडवाला आपल्या पट्ट्यात बसतच नाही. तो अलाइन करून आत आणायचा प्रयत्न करू नका. ट्रिमरने एक-दोन किलोहर्ट्झ हलतात, इथे तीनशेच्या वर किलोहर्ट्झचा फरक आहे.

ट्रान्समिट आणि रिसीव्ह वेगळं का होतं?

दुकानातला तराजू आठवा. दोन पारडी आहेत, रिकामी असताना काटा मधे हवा. शिवाय वजनं खरी हवीत, त्यावर वैध मापनवाल्यांचा शिक्का हवा. रेडिओचं तसंच आहे. सेट ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, त्या दोन्ही सारख्या हव्यात. आणि दोन्ही चॅनेलच्या खऱ्या आकड्यावर हव्यात.

नुसत्या सारख्या असून भागत नाही. समजा एका जोडीतले दोन्ही सेट २ किलोहर्ट्झने वर सरकलेले आहेत. ते आपसात छान बोलतील. ग्राहक म्हणेल ‘एकदम मस्त चालते’. तिसरा नवीन सेट आणला की आवाज फाटका येईल, आणि दोष नव्या सेटला लागेल.

आतली रचना दोन प्रकारची असते.

जुन्या साध्या हँडसेटमध्ये दोन क्रिस्टल असतात, एक बोलण्याचा, एक ऐकण्याचा. रिसीव्हचा क्रिस्टल ट्रान्समिटपेक्षा ४५५ किलोहर्ट्झने खाली असतो. चॅनेल १४ साठी ट्रान्समिटचा २७.१२५ आणि रिसीव्हचा २६.६७०. कारण रिसीव्हर आलेल्या सिग्नलमधून ही फ्रिक्वेन्सी वजा करतो आणि उरलेल्या ४५५ किलोहर्ट्झवर पुढचं काम करतो. दोन क्रिस्टल वेगवेगळे म्हातारे होतात, म्हणून बोलणं एकीकडे आणि ऐकणं दुसरीकडे जातं.

नंतरच्या पीएलएलवाल्या सेटमध्ये सगळ्याचा मालक बहुतेक वेळा एकच असतो: १०.२४० मेगाहर्ट्झचा रेफरन्स क्रिस्टल. त्याला १०२४ ने भागलं की बरोबर १० किलोहर्ट्झ येतात, म्हणजे एका चॅनेलपासून दुसऱ्या चॅनेलपर्यंतची पायरी. रिसीव्हमध्ये सिग्नल आधी १०.६९५ मेगाहर्ट्झवर येतो, मग याच १०.२४० शी मिसळून ०.४५५ वर. वजाबाकी करून बघा, जुळते.

याचा अर्थ असा की पीएलएल सेटमध्ये हा एक क्रिस्टल सरकला तर बोलणं आणि ऐकणं दोन्ही जवळपास सारखंच सरकतं. क्रिस्टल २०० हर्ट्झने वर गेला, तर चॅनेल १९ वर ट्रान्समिट साधारण ५३० हर्ट्झ वर जातं आणि रिसीव्ह साधारण ५२०. म्हणून एकच ट्रिमर दोघांना जागेवर आणतो. काही जुन्या सेटमध्ये ट्रान्समिटसाठी १०.६९५ चा वेगळा क्रिस्टल असतो. तिथे आधी १०.२४० लावायचा, मग १०.६९५. उलटं केलं तर काम दोनदा होईल.

किती चूक चालते?

अमेरिकेच्या नियमात सीबी ट्रान्समीटरला दहा लाखात ५० भाग एवढी सूट आहे. २७.१२५ मेगाहर्ट्झवर ती साधारण १,३५० हर्ट्झ होते. मी टेबलावर एएम-एफएम सेटसाठी ३०० हर्ट्झच्या आतलं काम पक्कं मानतो. एसएसबी सेट असेल तर ३०० हर्ट्झलाही आवाज बदकासारखा होतो, तिथे काही दहा हर्ट्झच्या आत यावं लागतं. शिकाऊ माणसाने एसएसबी सेट सुरुवातीला घेऊ नये.

टेबलावर काय लागतं

१. फ्रिक्वेन्सी काउंटर. २७ मेगाहर्ट्झवर १० हर्ट्झपर्यंत वाचणारा.

२. डमी लोड. हा घरीच करा. १ किलोओहम, १ वॅटचे २० रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि २० वॅट होतात. कार्बन किंवा मेटल फिल्मचे घ्या. वायर गुंडाळलेले घेऊ नका, ते कॉइलसारखे वागतात. डमी लोडमुळे सेटची पॉवर तिथेच जिरते, हवेत जात नाही. अँटेना लावून अलाइनमेंट करणं म्हणजे आपल्या कामासाठी सगळ्यांचा चॅनेल अडवणं.

३. छोटा सिग्नल जनरेटर. एसआय ५३५१ चिपचे तयार मॉड्युल मिळतात, त्यावर २७ मेगाहर्ट्झ आरामात निघतात.

४. १३.८ व्होल्टचा रेग्युलेटेड सप्लाय किंवा चांगली चार्ज १२ व्होल्टची बॅटरी. आपल्याकडे लाइनचं व्होल्टेज वरखाली होतं, साध्या अडॅप्टरवर आकडा नाचत राहील.

५. प्लास्टिकचा ट्रिमिंग पेचकस. लोखंडी पेचकस जवळ नेला की फ्रिक्वेन्सी बदलते आणि काढला की परत जाते. शिवाय कॉइलचा फेराइट कोर लोखंडी टोकाने पटकन तडकतो.

६. डिजिटल मल्टिमीटर, मार्कर पेन, मोबाईलचा कॅमेरा, आणि त्या मॉडेलचं सर्किट डायग्राम. डायग्राम मिळालं नाही तर काम घेऊ नका. कुठला स्क्रू कशाचा हे अंदाजाने ठरवायचं नसतं.

आता प्रश्न: काउंटर तरी खरा आहे का? स्वस्त काउंटरमध्ये दहा लाखात ५ भागांची चूक असली, तर २७ मेगाहर्ट्झवर १३५ हर्ट्झ झाले. एएमसाठी चालेल, पण चूक किती आहे हे माहीत हवं. जीपीएसवर चालणारं १० मेगाहर्ट्झचं रेफरन्स मॉड्युल मिळतं, ते लावून काउंटर तपासा. ते घ्यायचं नसेल तर काउंटर घेऊन ब्रह्मपुरी किंवा गडचिरोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनात, नाहीतर चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जा, इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांना रीतसर विनंती करा, आणि आलेला फरक काउंटरवर चिकटवून ठेवा. तराजूला जसा शिक्का, तसा काउंटरला हा कागद.

काम पायरी-पायरीने

पायरी १: खरंच अलाइनमेंट बिघडली आहे का? आवाज बारीक येतोय याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. बॅटरी उतरलेली, माइकची वायर आतून तुटलेली, अँटेनाचा सॉकेट ढिला, स्पीकरमध्ये धूळ. हे सगळं आधी तपासा. यातलं काही निघालं तर तेवढंच दुरुस्त करा, तेवढेच पैसे घ्या.

पायरी २: गरम होऊ द्या. सेट आणि काउंटर दोन्ही अर्धा तास चालू ठेवा. क्रिस्टल तापमानाने हलतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि डिसेंबरच्या पहाटे हात गारठतात. दहा लाखात १० भाग हलला तरी २७० हर्ट्झ होतात. म्हणून भर दुपारी पत्र्याखाली काम करू नका, आणि खोलीचं तापमान कार्डावर लिहा.

पायरी ३: फोटो आणि खूण. उघडलेल्या बोर्डाचा जवळून फोटो काढा. हात लावायच्या प्रत्येक ट्रिमरवर मार्करने बारीक रेघ ओढा. परत मूळ जागी यायचा रस्ता तेवढाच असतो.

पायरी ४: ट्रान्समिट मोजा. अँटेनाच्या सॉकेटला डमी लोड लावा. काउंटर सरळ जोडू नका, त्याचं इनपुट जळेल. दोन-तीन वेढ्यांची छोटी वायर काउंटरला लावून डमी लोडच्या जवळ ठेवा, तेवढा सिग्नल पुरतो. आता काही न बोलता पीटीटी बटण दाबा आणि चॅनेल १, १४ आणि २७ वरचे आकडे लिहा.

आकड्यांवरून निदान होतं. समजा २६.९६६१, २७.१२६१ आणि २७.२७६१ आले. तिन्ही जवळपास १,१०० हर्ट्झने वर आहेत, म्हणजे रेफरन्स क्रिस्टल सरकलाय. हे अलाइनमेंटचं काम. एकच चॅनेल चुकीचा आणि बाकी बरोबर असेल, तर चॅनेलचा स्विच किंवा पीएलएलची जोडणी बघा. आकडा स्थिर राहतच नसेल, तर पीएलएल लॉक होत नाहीये. या दोन्ही वेळी ट्रिमर फिरवून काही होणार नाही, उलट चांगलं जागेवर असलेलं बिघडेल.

पायरी ५: रिसीव्ह मोजा, अजून काहीच फिरवायचं नाही. आधी माइक काढून बाजूला ठेवा. जनरेटर जोडलेला असताना चुकून पीटीटी दाबलं गेलं तर सेटची सगळी पॉवर जनरेटरमध्ये जाईल आणि तो जागेवर मरेल. सगळ्यात चांगलं म्हणजे जनरेटर जोडायचाच नाही. त्याला बोटभर वायर लावा, सेटपासून लांब ठेवा, आणि सिग्नल एवढा कमकुवत करा की सेटचा मीटर मध्यापर्यंतच येईल. मीटर नसेल तर डायग्राममध्ये एजीसीचा पॉइंट शोधून तिथे मल्टिमीटर लावा.

आता चॅनेल १४ लावा. जनरेटर २७.१२५० वरून हळूहळू खाली न्या. मीटर ठरावीक खुणेपर्यंत पडला की तो आकडा लिहा. मग वर न्या, त्याच खुणेपर्यंत पडला की तो आकडा लिहा. समजा खाली २७.१२२० आला आणि वर २७.१३०८. दोघांचा मध्य २७.१२६४. तुमचा सेट तिथे ऐकतोय. नुसता ‘आवाज सगळ्यात मोठा कुठे येतो’ असं बघू नका, रिसीव्हरच्या फिल्टरचा माथा सपाट असतो, कान फसतो. दोन कडा मोजून मध्य काढणं हीच खात्रीची रीत.

पायरी ६: आता पेचकस उचला. परत डमी लोड, परत ट्रान्समिट. १०.२४० चा ट्रिमर अगदी हळू फिरवा, पेचकस बाजूला घ्या, आकडा वाचा. चॅनेल १४ वर २७.१२५० च्या जवळ आणा. मग पायरी ५ परत करा. या उदाहरणात ट्रान्समिट २७.१२५१ ला आलं तर रिसीव्ह साधारण २७.१२५४ ला येईल. उरलेला ३०० हर्ट्झचा फरक बहुतेक फिल्टरचा स्वतःचा असतो. एएम-एफएम सेटसाठी तो चालतो, त्याच्या मागे लागून पाच स्क्रू हलवू नका.

दोन क्रिस्टलवाला हँडसेट असेल तर ट्रान्समिट आणि रिसीव्हचे ट्रिमर वेगवेगळे लावा. ट्रिमर नसेलच तर क्रिस्टल बदलावा लागेल. तसं ग्राहकाला सांगा, तो हो म्हणाला तरच पुढे जा.

पायरी ७: आयएफ कॉइल. ४५५ किलोहर्ट्झच्या डब्या मीटर सगळ्यात वर येईल अशा बारीक लावायच्या, तेही कमकुवत सिग्नलवर आणि गरज असेल तरच. पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवावं लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

पायरी ८: शेवटची तपासणी. तिन्ही चॅनेल परत मोजा. जोडीतला दुसरा सेटही त्याच काउंटरवर मोजा. मग ट्रिमरवर मेणाचा किंवा नेलपॉलिशचा थेंब टाका, झाकण लावा, आणि झाकण लावल्यावर पुन्हा एकदा मोजा. झाकणाच्या पत्र्यानेसुद्धा आकडा थोडा हलतो.

‘भाऊ, रेंज वाढवून द्या’

हे ग्राहक हमखास म्हणणार. पॉवरचा ट्रिमर तिथेच शेजारी असतो, फिरवायला दोन सेकंद लागतात. फिरवायचा नाही. ५ वॅटच्या वर गेला की परवान्याची सूट संपली. सेट मंजूर झाला तो जसा आहे तसा. तुम्ही आत बदल केला की तो मंजूर सेट राहत नाही. चॅनेल २७ च्या पुढचे वापरायला मोकळे करून देणंही त्यातच आलं.

त्याला रेंजचं खरं उत्तर द्या. पॉवर दुप्पट केली तरी रेंज दुप्पट होत नाही. अँटेना सरळ उभी धरणं, टोकापर्यंत बाहेर काढणं आणि उंच जागा बघणं याने जास्त फरक पडतो. २७ मेगाहर्ट्झची लहर साधारण ११ मीटर लांब असते. झाडझुडपात ती यूएचएफपेक्षा कमी अडते, पण आखूड अँटेना तिला नीट फेकू शकत नाही. एवढं समजावलं की ग्राहक नाराज होत नाही, आणि या सल्ल्याचे पैसेही मागू नका.

आता पैशाचं बोलू

ग्राहकाच्या नजरेने बघा. त्याने सेट दिला, तुम्ही तासाभराने परत दिला. बाहेरून तसाच. तो मनात म्हणणार, ‘एक स्क्रू फिरवला आन् चारशे रुपये?’ त्याचं चूक नाही. म्हणून त्याच्या हातात कार्ड द्या. कार्डावर एवढंच:

सेटचं मॉडेल आणि नंबर. तारीख, खोलीचं तापमान, सप्लायचं व्होल्टेज.
ट्रान्समिट, चॅनेल १४: आधी २७.१२६१, नंतर २७.१२५१.
रिसीव्हचा मध्य: आधी २७.१२६४, नंतर २७.१२५४.
काय केलं: रेफरन्स ट्रिमर. काय केलं नाही: पॉवरला हात लावला नाही.
भारतात वापरायचे चॅनेल: १ ते २७.

‘आधी’चा रकाना भरल्याशिवाय पेचकसाला हात लावायचा नाही, हा माझ्या टेबलाचा नियम आहे. एकदा फिरवलं की ‘आधी’ काय होतं हे कोणीच सांगू शकत नाही, तुम्हीसुद्धा नाही. मग पैसे विश्वासावर मागावे लागतात. आकडा असला की मागावे लागत नाहीत.

दर दोन ठेवा. मोजणीचा वेगळा, अलाइनमेंटचा वेगळा. मोजून सेट बरोबर निघाला तर फक्त मोजणीचे घ्या आणि ‘बरोबर आहे’ असं लिहून द्या. दोनच दर असले की चांगल्या सेटचा स्क्रू फिरवायचा मोह होत नाही.

आता हिशेब. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा सगळं सामान ९,००० रुपयांना पडलं. एका अलाइनमेंटचे ४०० घेतले, त्यात वीज, सोल्डर, किरकोळ ४० गेले. उरले ३६०. ९,००० भागिले ३६० म्हणजे २५ सेट. बरेच जण इथेच थांबतात आणि सामान मागवतात.

थांबा. तुमचा वेळ कुठे धरला? अर्धा तास सेट गरम होतो तेव्हा तुम्ही दुसरं काम करू शकता, तो सोडा. पण हाताचं काम एक तासाचं आहे. त्या तासात मोबाईल रिपेअरिंगमधून समजा २०० रुपये सुटतात. तेही वजा करा. ३६० चे १६० राहिले. आता ९,००० भागिले १६०, म्हणजे ५७ सेट. पंचवीस आणि सत्तावन्न यात तुमचं भांडवल अडकायचं की नाही हे ठरतं.

तुमचा गृहपाठ

सामान मागवायच्या आधी एक वही घ्या आणि आठ दिवस फिरा. कोलारा गेटकडची रिसॉर्ट, मंडप-डेकोरेशनवाले, घोडायात्रेत गर्दी सांभाळणारे स्वयंसेवक, वरोरा-भद्रावतीकडचे क्रेन आणि जेसीबीवाले. प्रत्येकाला चारच प्रश्न विचारा: वायरलेस सेट आहेत का, किती, लेबलवर फ्रिक्वेन्सी काय, आणि बिघडले की आता कुठे नेता? लेबलचा फोटो घ्या, विचारूनच.

वहीत सीबीचे सेट दहाच निघाले तर या कामासाठी सामान घेऊ नका. डमी लोड करून ठेवा, शिकून घ्या, आणि काउंटर तेव्हाच घ्या जेव्हा तो दुसऱ्या कामालाही लागेल. साठ-सत्तर निघाले तर चित्र वेगळं आहे. आणि बहुतेक सेट तिसऱ्या प्रकारचे, परवाना लागणारे निघाले, तर तुम्हाला कळलं की या गावात गरज दुरुस्तीची नाही, योग्य सेट निवडून देण्याची आहे. तोही धंदाच आहे, आणि त्याला काउंटर लागत नाही.

आधी-नंतरचं कार्ड मात्र आजपासूनच सुरू करा, तुमचं काम कुठलंही असो. इन्व्हर्टरची बॅटरी असेल तर लोडवरचं व्होल्टेज लिहा. फ्रीज असेल तर किती वेळात किती अंशावर आला ते लिहा. ग्राहक आकडा वाचेलच असं नाही, पण तुम्ही लिहून दिला हे त्याच्या लक्षात राहतं.

वहीत काय निघालं ते व्हिडिओखाली नक्की लिहा. पुढच्या भागात जोडीने येणाऱ्या सेटसाठी वर्षाचा देखभाल करार कसा लिहायचा ते बघू.